वाचकांचे प्रश्न : ‘अजून शिकतेच आहे का ती?’

मागच्या अंकात म्हटलं होतं की संशोधन करणाऱ्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपापले प्रश्न पाठवा, आणि खरंच ढिगाने आले. पुण्यात येणारच म्हणा, एनसीएल, आयसर, आयुका, एनसीसीएस, आघारकर, आयआयटीएम, विद्यापीठ, डेक्कन कॉलेज, भांडारकर, गोखले इन्स्टिट्यूट, एवढ्या सगळ्या संशोधन संस्था एका गावात असल्यावर आपल्या ओळखीत एक तरी घर निघतंच जिथे कुणीतरी वर्षानुवर्षं पीएचडी करतंय आणि बाकीचे ‘कधी संपणार’ विचारतायत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातली काही पत्रं घेतलीयेत, नावांची आद्याक्षरं आणि पत्ते थोडे बदललेत. सासूबाईंचं एक पत्र आलंय ते मुद्दाम घेतलंय.

प्रश्न : ताई, मी पाषाणच्या बाजूला एका संस्थेत सेल बायॉलॉजीत पीएचडी करतेय, चौथं वर्ष चालू आहे. मुलगी दीड वर्षाची. नवरा हिंजवडीला आयटीत, सासूबाई सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने मोठ्या जाऊबाईंकडे नाशिकला. पाळणाघर साडेसहाला बंद होतं आणि आमची लॅब मीटिंग पाचला सुरू होते ती कधी संपेल देव जाणे. रविवारी सेल्सचा मीडिया, म्हणजे पेशींचं खाणं, बदलायला जावं लागतं तेव्हा घरात कुणी बोलत नाही पण भांड्यांचा आवाज वाढतो. मागच्या महिन्यात आत्येसासूबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘अजून शिकतेच आहे का ती?’ आणि ताई मला राग नाही आला, मला वाटलं बरोबरच तर बोलतायत. सोडून देऊन बीएड करावं का? नवरा म्हणतो तुला हवं ते कर. — म. प., सूस रोड

उत्तर : अगं, बीएड करून शाळेत शिकवणं हे उत्तम काम आहे, तुला ते मनापासून करायचं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं. पण तुझ्या पत्रात शाळेबद्दल, शिकवण्याबद्दल एक ओळ नाहीये, सगळं पत्र लॅबबद्दल आणि दमण्याबद्दल आहे. तेव्हा बीएडचा विचार जरा बाजूला ठेव आणि आधी दमणूक कशाने होतेय ते बघू.

मला विचारशील तर सगळी गडबड आत्येसासूबाईंच्या त्या वाक्यात आहे. त्यांचा दोष नाही, आपल्याकडे सगळ्यांनाच असं वाटतं की पीएचडी म्हणजे पुढचं शिक्षण, बीएस्सी झालं एमएस्सी झालं आता हे. आणि शिकणाऱ्या माणसाच्या वेळेला घरात किंमत नसते, अभ्यास काय रात्री पण करता येतो, उद्या पण करता येतो, पाहुणे आले तर ठेवता येतो बाजूला. पण तू जे करतेयस ते काम आहे. तुला सरकारी फेलोशिप असेल तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,००० महिन्याला मिळतायत, वर घरभाडं वेगळं, ते काही बक्षीस म्हणून देत नाहीत. तुझ्या नवऱ्याचं रिलीज असतं त्या वीकेंडला घरात टीव्हीचा आवाज बारीक होतो की नाही? चहा टेबलावर जातो की नाही? मग तुझा रविवारचा मीडिया चेंज हे पण तेच आहे. आधी घरात आणि त्याच्याही आधी तुझ्या स्वतःच्या मनात हे नक्की कर, की मी कामाला जाते. तू स्वतःच ‘बरोबर बोलतायत’ म्हणतेस तोवर दुसरं कुणी वेगळं म्हणणार नाही.

आता नवऱ्याचं. ‘तुला हवं ते कर’ हे ऐकायला छान वाटतं पण त्याने एकही काम कमी होत नाही. त्याला नेमकं सांग, की मंगळवारी आणि गुरुवारी मुलीला पाळणाघरातून तू आणायचंस, हिंजवडीतून साडेपाचला निघावं लागेल, तुझ्या ऑफिसच्या कॅलेंडरवर ब्लॉक कर. ट्रॅफिकचं कारण देईल, ते खरंही आहे, हिंजवडीचा ट्रॅफिक कुणाला चुकलाय, म्हणून तर आधी ठरवायचं. घरून काम असेल ते दिवस त्याच्याकडे घे.

लॅब मीटिंगबद्दल गाइडशी बोललीयेस का? पत्रावरून वाटतंय की नाही. बहुतेक मुली बोलत नाहीत, त्यांना वाटतं सवलत मागतोय असं दिसेल, आणि गाइडच्या तर डोक्यातही नसतं की पाचची मीटिंग कुणाला अडचणीची आहे. मीटिंग सकाळी दहाला घेऊ या का एवढंच विचार, आणि एकटी नको, लॅबमधल्या अजून दोघातिघांना विचारून बघ, संध्याकाळी कुणालाच नको असते ती. बाहेरगावच्या मुलांना मेस चुकते, लांब राहणाऱ्यांना बस.

सेल्सचं तुला मी काय सांगणार, पण तरी लिहिते कारण बाकीच्या वाचणाऱ्या मुलींना उपयोग होईल. शुक्रवारी संध्याकाळी जरा जास्त पातळ स्प्लिट करून, म्हणजे नव्या प्लेटमध्ये कमी पेशी घालून, ठेवल्या तर भराभर वाढणाऱ्या सेल लाइन्स सुद्धा बहुतेक वेळा सोमवारपर्यंत निभावतात, दर रविवारी जायलाच पाहिजे असं नसतं. ज्या लाइनवर पुढचा महिनाभर काम नाहीये ती उगाच चालू ठेवू नकोस, डीएमएसओ ह्या द्रवात फ्रीज कर आणि लिक्विड नायट्रोजनमध्ये टाक. आणि टाइम कोर्स, म्हणजे पेशींना ट्रीट करून ठरावीक तासांनी तपासायचा प्रयोग, उलटा लाव. म्हणजे सगळ्या प्लेट्सना एकाच वेळी ट्रीट करून मग रात्री-बेरात्री हार्वेस्ट करत बसण्यापेक्षा ४८ तासांची प्लेट सोमवारी दुपारी तीनला ट्रीट कर, २४ तासांची मंगळवारी तीनला, ६ तासांची बुधवारी सकाळी नऊला, आणि बुधवारी तीनला सगळ्या एकदम हार्वेस्ट. सगळी सॅम्पल्स एकाच बॅचमध्ये जातात तो फायदा वेगळाच. राहिला १२ तासांचा पॉइंट, तो कसाही लावला तरी एक टोक रात्री नाहीतर पहाटे येतं, तिथे गाइडला विचार की ८ तासांचा चालेल का. चालत नसेल तर हॉस्टेलवर राहणाऱ्या एखाद्या लॅबमेटशी अदलाबदल कर, त्याची सकाळची कामं तू कर तुझी रात्रीची तो करेल. ह्याला उपकार समजू नकोस, लॅब अशीच चालते.

आणि वर्षांची धास्ती घेतली असशील तर, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला सहा वर्षं, फेरनोंदणी केली तर अजून दोन, आणि बायकांना त्यावर आणखी दोन, म्हणजे जास्तीत जास्त दहा. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी सगळ्या पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत रजा देता येते, तुझी किती वापरली गेलीये ते ऑफिसात जाऊन विचार, तोंडी नको, लेखी विचार. दहा वर्षं लाव असं मी म्हणत नाहीये, पण चौथ्या वर्षी ‘मला उशीर झाला’ म्हणून रडायचं कारण नाही. अजून एक, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी हे २०१७ पासून कायद्यातच आहे. संशोधक विद्यार्थी कर्मचाऱ्यांत धरतात की नाही यावर तुझ्या संस्थेत वाद घालतील, घालू देत, तू अर्ज कर की स्कॉलर्सच्या मुलांनाही घ्या. संस्थेतलं पाळणाघर मिळालं तर साडेसहाची ती रोजची छातीतली धडधड निम्मी होईल.

प्रश्न : मला सातवा आठवडा चालू आहे, कालच कळलं. आई आणि सासूबाई दोघी म्हणतायत तीन महिने कुणालाच सांगायचं नाही. लॅबमध्ये मी जेल चालवते, टिश्यू फिक्स करते. सांगू का नको? — र. क., औंध

उत्तर : सर्वात आधी अभिनंदन! आणि सांग, उद्याच सांग, गाइडला आणि लॅब सेफ्टी बघणाऱ्या माणसाला. बाकी कुणाला नको, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नको, नातेवाइकांत तीन महिने थांबा, घरच्यांचा मान त्यात राहतो. पण बाळाचे अवयव तयार होतात ते नेमके ह्याच पहिल्या बारा आठवड्यांत, आणि तेवढाच काळ जर आपण गुपचूप फॉर्मॅलिन आणि एथिडियम ब्रोमाइडसारख्या घातक रसायनांपाशी उभं राहिलो तर मग नंतर सांगून काय उपयोग. टिश्यू फिक्सिंग दुसऱ्या कुणाला तरी दे, जेलला सुरक्षित डाय असतात त्यावर जा, झायलीन, टोल्युइन असले सॉल्व्हंट बंद. रेडिओॲक्टिव्हचं काम असेल तर रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला कळवणं फार गरजेचं आहे, गरोदर बाईसाठी मर्यादा वेगळी आणि खूपच कमी असते. तुझ्या डॉक्टरांना पण केमिकल्सची यादी लिहून दाखव, ‘लॅबमध्ये काम करते’ एवढ्यावरून त्यांना काही कळत नाही. दोघी आयांना हे असं समजावून सांगितलंस ना, तर त्याच तुला म्हणतील की आधी जाऊन सांगून ये.

प्रश्न : नमस्कार. मी ६६ वर्षांची आहे, आम्ही सदाशिव पेठेत राहायचो, आता मुलाकडे बाणेरला. सून पाषाणला हवामानावर संशोधन करते, हुशार आहे, स्वभावानेही चांगली आहे, मला तिचा अभिमान वाटतो आणि तो मी चारचौघींत बोलून दाखवते. नातू तीन वर्षांचा. सकाळी साडेआठ ते रात्री आठ तो माझ्याकडे. पावसाळ्याचे चार महिने तर सून घरी आली तरी तिचं लक्ष कामात असतं. पूर्वी मी मैत्रिणींबरोबर रोज पर्वती चढायचे, आता गुडघे बोलतात, आणि गुडघे बरे असते तरी वेळ कुठून आणणार. पती गेल्यापासून मला चारधामला जायचं मनात आहे. पण बोलले तर सून काम सोडेल अशी भीती वाटते, आणि मला खाष्ट सासू व्हायचं नाहीये. काय करू? — एक आजी, बाणेर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि आमच्या संपादक बाईंनाही वाचून दाखवलं. संशोधनात पुढे गेलेल्या बायकांच्या मुलाखती होतात, त्यात शेवटी एक ओळ असते की सासूबाईंची फार मदत झाली, आणि पुढे काही नाही. त्या एका ओळीमागे तुमचे असे साडेअकरा तास असतात रोजचे. मी स्वतः नोकरी करून निवृत्त झाले ती माझ्या आईच्या जिवावर, तेव्हा हे मी अगदी मनापासून लिहितेय.

बोला. बोलण्याने माणूस खाष्ट होत नाही, न बोलता आत साठवून मग एखाद्या दिवशी डाळ करपली म्हणून भडका उडतो ना, त्याने होतो. आणि फक्त सुनेशी बोलू नका! तुमच्या पत्रात मुलगा कुठे आहे? नातू त्याचाही आहे. मुलगा आणि सून दोघं समोर बसलेले असताना बोला, रविवारी सकाळच्या चहाला वगैरे, आणि दमले असं मोघम म्हणू नका, कारण मग ते ‘आराम करा हं आई’ म्हणतील आणि सोमवारी परत साडेआठ. असं सांगा की शाळा जूनमध्ये सुरू होतेय तर त्याला आता अर्धा दिवस पाळणाघरात किंवा प्लेग्रुपला घाला, साडेबारानंतर मी घेते. शनिवार रविवार माझे. आणि चारधामला मी मे महिन्यात जाणार, त्या दोन-तीन आठवड्यांची सोय तुम्ही दोघांनी आत्तापासून लावायची. मे महिना अशासाठी म्हणतेय की देवळं साधारण अक्षय तृतीयेच्या सुमाराला उघडतात, आणि सुनेच्या कामाचा मोसम त्यानंतर येतो, मान्सून केरळात पोचायची सरासरी तारीख १ जून आहे हे तीच तुम्हाला सांगेल. म्हणजे तिची पण अडचण होत नाही. गुडघे तेवढे आधी डॉक्टरांना दाखवा, केदारनाथची चढण मोठी आहे, पण तिथे हेलिकॉप्टर, घोडे, डोली सगळं मिळतं.

सून काम सोडेल ही भीती मनातून काढा. तिला सध्या वाटत असेल की आई आनंदाने करतायत, विचारलं तर दुखावतील. पाळणाघर लावणं म्हणजे आजीची माया कमी पडली असं आपल्याकडे मानतात ते साफ चुकीचं आहे, तीन वर्षांच्या पोराला त्याच्या वयाची पोरं हवीच असतात. पैसे सुनेच्या पगारातून जाऊ देत की दोघांच्या, तो त्यांचा प्रश्न. तुम्ही फक्त तुमचे दिवस सांगा आणि मग त्यावर ठाम राहा, पहिल्याच शनिवारी ‘आज जरा बघता का’ येईल, तेव्हा नाही म्हणायचं. भजन, भिशी, काही का असेना, घराबाहेर पडा त्या दिवशी.

प्रश्न : मी हडपसरच्या बाजूला एका कॉलेजात सहायक प्राध्यापक आहे, पार्टटाइम पीएचडी विद्यापीठातून. दिवसा लेक्चर्स, नॅकच्या कॉलेज-तपासणीची आणि परीक्षेची कामं, पेपर तपासणी. रात्री दहानंतर एक दीडपर्यंत थिसिस. बायको बँकेत आहे. मुलगा नऊ वर्षांचा, तो परवा म्हणाला ‘बाबाचं उत्तर मला पाठ आहे, थांब जरा’. लवकरात लवकर संपवायचा काही मार्ग सुचवा. — अ. ज., मांजरी

उत्तर : लवकर संपवायचे मार्ग आहेत, सांगते, पण तुमचे तास कुठून येतायत ते आधी बघा सर. रात्री दीडला झोपणारा माणूस सकाळी डबे भरत नाही, मुलाला उठवत नाही, स्कूलबसला सोडत नाही. ते कोण करतंय? बँकेची नोकरी सांभाळून तुमच्या पत्नीच तुमची पीएचडी अर्धी करतायत, आणि त्यांच्याबद्दल तुम्ही पत्रात तीन शब्दांचं एक वाक्य लिहिलंय. मी हे टोमणा म्हणून म्हणत नाहीये, बायका लिहितात तेव्हा सासर माहेर सगळ्यांचं सविस्तर लिहितात, आणि पुरुष लिहितात तेव्हा कॉलेजचं सविस्तर लिहितात, हे इतकी वर्षं पत्रं वाचताना दिसतं.

तर, पार्टटाइम पीएचडीला तुमच्या कॉलेजने ना हरकत प्रमाणपत्र दिलंय ना, यूजीसीच्या नियमात त्या पत्राचा मजकूर काय असावा तेही दिलेलं आहे, आणि त्यात असं येतं की ह्या कर्मचाऱ्याला कामं सांभाळून संशोधनासाठी पुरेसा वेळ देता येतो. बहुतेक जण ते पत्र फाइलला लावतात आणि विसरतात. ते काढा, प्राचार्यांकडे घेऊन जा आणि टाइमटेबलमध्ये आठवड्यातली एक दुपार मोकळी मागा, पुढच्या सेमिस्टरचं टाइमटेबल लागायच्या आधी मागा, लागल्यावर कुणी हलवत नाही. ती दुपार घरी बसू नका, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात जाऊन बसा. चार तास सलग मिळाले की रात्रीच्या पेंगुळलेल्या तासांपेक्षा कितीतरी जास्त लिहून होतं, फूटनोट दुसऱ्या दिवशी परत तपासावी लागत नाही. अजून एक, थिसिस देण्याआधी जर्नलमध्ये पेपर छापलेलाच हवा ही सक्ती यूजीसीने २०२२ मध्ये काढलीये, तुमच्या विद्यापीठाचा आणि विभागाचा नियम काय आहे ते तेवढं बघून घ्या, कारण कितीतरी जण जुन्या नियमाच्या भीतीने पैसे घेऊन छापणाऱ्या फालतू जर्नल्सच्या मागे वेळ आणि पैसे घालवतात. एकच पेपर करा, नीट करा, तो थिसिसचंच एक प्रकरण असू दे.

आणि रात्रीचे साडेआठ ते दहा हे मुलाचे. फोन दुसऱ्या खोलीत. नऊ वर्षांचा मुलगा अजून तुम्हाला ‘थांब जरा’चा हिशोब तोंडावर सांगतोय ही चांगली गोष्ट आहे, तेराव्या वर्षी सांगणार नाही.

प्रश्न : एमएस्सी गणित, नंतर दोन वर्षं प्रोजेक्टवर काम केलं, मग लग्न, मुलं, बारा वर्षं गेली. आता ३९ पूर्ण. धाकटा शाळेत पूर्ण दिवस जातो. पीएचडी करावीशी वाटते पण मैत्रीण म्हणाली ह्या वयात कोण घेणार. घरी विचारलं तर हसले. — स. दे., कोथरूड

उत्तर : गणित म्हणालीस आणि पुण्यात राहून विचारतेयस, तर मंगला नारळीकरांचं नाव घेतल्याशिवाय कशी पुढे जाऊ! लग्नाआधी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये होत्या, मग लग्न, केंब्रिज, मुली, घर, सासूसासरे, आणि मग लग्नानंतर साधारण पंधरा-सोळा वर्षांनी, १९८१ साली, मुंबई विद्यापीठाची गणितातली पीएचडी. विषय संख्या सिद्धांतातला. आणि त्यानंतर शिकवलं, मुलांसाठी गणितावर मराठीत लिहिलं. म्हणजे बारा वर्षांच्या खंडाचं काय घेऊन बसलीयेस.

पण हौस वेगळी आणि तयारी वेगळी, तयारीचं बोलू. २०२४ पासून नेट ह्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या मार्कांवरही पीएचडीचे प्रवेश होतात, तुझ्यासाठी सीएसआयआर नेट, त्यात गणित आहे. फेलोशिपवाल्या जेआरएफला वयाची मर्यादा आहे आणि तुझं वय त्यापुढे गेलंय, पण नुसत्या पीएचडी प्रवेशासाठीच्या पात्रतेला वयाची अट नाही. पीएचडीसाठी तो स्कोअर एकच वर्ष चालतो, त्यामुळे परीक्षा देण्याआधी कुठे अर्ज करायचा ते ठरलेलं असू दे. पैशांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना बघ, मूलभूत विज्ञानात काम करणाऱ्या बायकांसाठी त्यात पीएचडीची वेगळी फेलोशिप आहे, खंड पडलेल्यांना धरून. ह्यातली वयाची आणि इतर अट मूळ जाहिरातीतच वाच, कुणाच्या फॉरवर्डवर जाऊ नकोस.

सुरुवात मात्र फॉर्मने करू नकोस. रोज सकाळी मुलं शाळेत गेली की दोन तास, ॲनालिसिस आणि अल्जिब्राची जुनी पुस्तकं काढ आणि गणितं सोडव, वाचू नकोस नुसती, कागदावर सोडव. तीन-चार महिन्यांनी तुझं तुलाच कळेल की ओढ आहे की घरात कंटाळा आलाय. मग विद्यापीठात, आयसरला सेमिनार असतात, मेल करून विचार बसू का म्हणून, बहुतेक जण हो म्हणतात. मागच्या बाकावर बसायला लागलेल्या बाईचा चेहरा ओळखीचा होतो, आणि गाइड पुष्कळदा असेच मिळतात. घरचे हसले ते हसू देत, त्यांना तुझे ते दोन तास रोज दिसले की हसणं आपोआप थांबेल, पण त्या दोन तासांत कुरिअर घेणं, गॅसवाला, सोसायटीची मीटिंग काही घेऊ नकोस. तू घरी आहेस म्हणजे मोकळी आहेस हे सगळ्यात आधी मोडावं लागेल.

प्रश्न : मी मानववंशशास्त्रात पीएचडी करतेय, दुसरं वर्ष. फील्डवर्क मेळघाटात, वर्षातून तीन-चार वेळा महिना महिना जावं लागतं. लग्न ठरलंय, तो नागपूरला इंजिनियर, पुढे बदली कुठेही. त्याची आई म्हणाली, ‘लग्नानंतर पण गावोगाव फिरणार का?’ माझ्या आईने विषय बदलला. मला भीती वाटतेय. — न. ग., येरवडा

उत्तर : तू येरवड्यात राहतेस म्हणजे डेक्कन कॉलेज तुझ्या शेजारी. इरावती कर्वे १९३९ पासून तिथे होत्या. तीन मुलं, आणि देशभर फिरून लोकांची मोजमापं, नातेसंबंध, कुळं गोळा करत होत्या. त्यांचं बाकी सगळं लोकांना माहीत असतं पण एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते, १९२८ ला त्या बर्लिनला शिकायला निघाल्या ते सासऱ्यांना पसंत नव्हतं. आणि सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी अख्खा जन्म वेचला! पण दिनकर कर्वे ठाम राहिले, त्या गेल्या, आणि १९३० ला डॉक्टरेट झाली. तेव्हा तुझ्या होणाऱ्या सासूबाई एका वाक्यात असं बोलल्या म्हणून त्या वाईट आहेत असं समजू नकोस, महर्षींना जे जड गेलं ते त्यांना एका भेटीत कसं सोपं जाईल. मात्र आईने विषय बदलला ते बरं नाही केलं.

याद्या करायला बसाल ना, तिथे हॉल, मानपान, आहेर, जेवणाला किती माणसं, सगळं लिहून ठरतं. फील्डवर्क पण तिथेच ठरू दे. तुझ्या पुढच्या दोन वर्षांचं कॅलेंडर घेऊन जा, कुठल्या महिन्यात मेळघाट, कुठल्या महिन्यात पुणे, कधी लिहिणं, सणावाराला कधी घरी. होळीला कोरकू आदिवासींच्या गावांत असावंच लागेल हे तुला मी सांगायला नको, त्यांचा तो मोठा सण, तुझ्या विषयाला तो चुकवून चालणार नाही, मग ते आत्ताच सांग की पहिली होळी सासरी नसेन, दिवाळी पूर्ण देईन. मोघम ‘जावं लागतं कधी कधी’ म्हणालीस तर ते प्रत्येक वेळी नव्याने परवानगी मागणं होतं. तारखा सांगितल्यास की ती नोकरी होते, त्याची साइट असते तशी. नागपूरहून मेळघाट पुण्याच्या मानाने जवळच आहे हेही सांग, त्याने जरा हायसं वाटेल त्यांना.

बदलीबद्दल एक लिहून ठेव. लग्नामुळे किंवा इतर कारणाने दुसऱ्या गावी जावं लागलं तर महिला स्कॉलरला आपलं संशोधन, डेटासकट, तिथल्या संस्थेत नेता येतं, यूजीसीच्या नियमात तशी सोय आहे, अटी आहेत, आधीच्या संस्थेला आणि गाइडला त्यांचं श्रेय द्यावं लागतं, पण पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. म्हणजे बदली झाली तर पीएचडी गेली असं नाही. अर्थात माझं मत विचारशील तर फील्डवर्क आणि कोर्सवर्क पुण्यातूनच पूर्ण कर, लिहायच्या टप्प्यावर कुठेही जा, गाइड बदलणं हे कागदावर दिसतं तेवढं सोपं नसतं.

आणि तुझ्या पत्रात तुझी आई काय म्हणाली ते आहे, त्याची आई काय म्हणाली ते आहे, तो काय म्हणतोय ते कुठेच नाहीये. याद्यांच्या आधी त्याला एकट्याला भेट, जमलं तर चार दिवस धारणी-चिखलदऱ्याकडे तुझं फील्ड दाखवायला घेऊन जा, बरोबर भाऊ-बहीण कुणी असू देत घरच्यांच्या समाधानासाठी, आणि तिथे बसून त्याला सरळ विचार की आई हे परत बोलल्या तर तू काय उत्तर देणार आहेस. त्याचं उत्तर मला कळव, पुढचं त्यावर बोलू.